‘चष्मा’ला फोल्डरच नाही

तू आधी नुसतं ऐक. मध्ये काही विचारायचं नाही, जे काय विचारायचंय ते सगळं झाल्यावर, कारण मध्ये थांबले ना की मी भलतीकडेच घसरते, तुला माहितीये. तर झालं असं, की सकाळी ऑफिसात पोचले, खुर्चीला जेमतेम बूड टेकलं, कालचाच प्रोग्राम उघडला, रनचं बटण दाबलं आणि स्क्रीनभर लाल. लाल म्हणजे किती लाल, वरपासून खालपर्यंत. आमच्या त्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचं असं असतं, आपण काम सांगितलं की ते शेजारच्या खिडकीत एकेक ओळ टाकत जातं, हे केलं, ते केलं, इतकी मुलं मोजली. लॉग म्हणतो आम्ही त्याला. सगळं सुरळीत असलं की ओळी निळ्या, शंका आली की हिरव्या, आणि घोडं अडलं की लाल. काल मी निघाले तेव्हा निळंशार होतं सगळं. आणि मी एका अक्षराला हात लावला नव्हता. आता खरं सांगू का, ते लाल बघून मी जितकी दचकायला हवी होते तितकी दचकलेच नाही. कारण माझ्या डोक्यात तेव्हा चपलांचा रॅक होता. सकाळी मी रॅकपाशी वाकून बूट घालत होते आणि आई माझ्या पाठीला म्हणाली, आज संध्याकाळी आम्ही त्यांच्या वर्कशॉपकडच्या त्या जागेचं नक्की करून येतोय, पुढच्या महिन्यात जाऊ तिकडे, तुला घर मोकळं होईल. मी म्हटलं, मला कुठं नकोय गर्दी, तीनच तर माणसं आहोत. तर आई म्हणाली, “तेच म्हणाले. पोरीच्या घरात मी अडचण होऊन बसलोय, दोन वर्षांत तिनं एकदा हाक मारली नाही मला.” आणि ती आत निघून गेली, कुकरची शिट्टी झाली म्हणून. मी एक बूट पायात, एक हातात. हाक मारली नाही. बाप रे, मोजत होता हा माणूस.

हे म्हणजे आईचे हे. तुला माहितीच आहेत, तू आईच्या या दुसऱ्या लग्नात होतीस, तू तर त्यांना दोन वेळा वाढलंस. वजनकाटे दुरुस्त करतात ते, दुकानातले, दवाखान्यातले, बाळांना ठेवून वजन करतात ते पाळण्यासारखेसुद्धा. त्यांच्या पिशवीत कायम लोखंडी वजनं असतात, त्यामुळे ते एका खांद्यानं जरा खाली झुकून चालतात, पिशवी नसतानाही. चांगले आहेत, अगं. वाईट असते तर सोपं होतं. मी उशिरा आले की माझ्या चहावर बशी झाकलेली असते, आणि ती आईनं झाकलेली नसते, कारण आई बशी उपडी घालते आणि हे सुलटी. इतकं मला कळतं. पण हाक काय मारायची सांग. काका म्हणू? काका तर किराणावालाही काका, रिक्षावालाही काका, आमच्या गेटवरचा वॉचमनही वॉचमनकाका. माझ्या आईशी लग्न केलेल्या माणसाला आणि गेटवर शिट्टी वाजवणाऱ्याला एकच शब्द, मलाच बरं वाटेना. अहो म्हणावं तर ते आईचं. मग मी हाक न मारता भागवायला शिकले, आणि त्यात इतकी तरबेज झाले की विचारू नकोस. जेवायला बोलवायचं असेल तर मी ताटं जरा आपटून मांडते. फोन आला असेल तर फोन घेऊन त्यांच्या समोर जाऊन उभी राहते, खांबासारखी. बाहेरून फोन करायचा असेल तर आईला करते आणि म्हणते, आहेत का जवळ, दे. आई एकदा वैतागून म्हणाली, कोण आहेत का जवळ, पंखा का फ्रीज? आणि माझ्या मोबाइलमध्ये अजून त्यांचं नाव ‘काटेवाले’ असंच आहे, आईनं पहिल्यांदा नंबर दिला तेव्हा टाकलेलं.

तर लाल. शेजारच्या खुर्चीवर आमचा पोपट बसतो. पोपट म्हणजे तो कुठल्याही दुखण्यावर एकच वाक्य बोलतो, रीस्टार्ट कर. त्याच्या स्क्रीनवर पण लाल, पलीकडचीच्या स्क्रीनवर पण लाल, आमची सगळी रांग लग्नघरासारखी लालेलाल, आणि पोपट तिसऱ्यांदा रीस्टार्ट करून छातीवर हात बांधून बसलेला. दुपारी चारपर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कमिटीला आकड्यांची टेबलं जायची होती, शाळेतल्या ज्या मुलांना चष्मे दिले त्यांच्यातली किती मुलं ते घालतात आणि किती दप्तरात ठेवून देतात, त्याची. पोपट लॉगच्या तळाशी जाऊन शेवटची लाल ओळ वाचत होता. सगळे तेच करतात, आणि तिथंच फसतात. शेवटची ओळ वाचायचीच नसते, पहिली वाचायची. बाकीच्या शंभर लाल ओळी त्या पहिलीच्या मागून रडत आलेल्या असतात. मी वर गेले. पहिली ओळ साधी होती, रागावलेलीसुद्धा नव्हती. ‘चष्मा’ नावाची लायब्ररी असाइन केलेली नाही. बस. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे हं. डेटा कुठल्यातरी फोल्डरमध्ये असतो, त्या फोल्डरचा पत्ता असतो हातभर लांब, तो दर वेळी कोण लिहीत बसणार? म्हणून सुरुवातीलाच सॉफ्टवेअरला सांगायचं, मी ‘चष्मा’ म्हणाले की अमुक फोल्डर समजायचं. छोटं नाव, आठ अक्षरांच्या आत. हे सांगणं म्हणजे असाइन करणं. आणि गंमत अशी, की सॉफ्टवेअर बंद केलं की ते हे सगळं विसरतं. फोल्डर असतो जागेवर, आतला डेटा असतो, नाव तेवढं पुसलं जातं. रोज सकाळी नव्यानं ओळख करून द्यायची, जसं काही काल भेटलोच नाही.

मग आम्ही रोज का नाही देत ओळख? तर आमच्याकडे एक सुरुवातीची फाइल असते, सॉफ्टवेअर उघडलं की ती मुकाट्यानं आपली आपण चालते आणि सगळी नावं लावून टाकते. ती कुणी लिहिली कुणालाच माहीत नाही. नवीन माणूस आला की शेजारच्याची फाइल कॉपी करून घेतो, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याची केलेली असते, आणि आत काय आहे ते उघडून बघायची आमच्याकडे पद्धतच नाही. चालतंय ना, मग. आणि सर्व्हरवाल्यांनी रात्रीतून डेटा नव्या सर्व्हरवर हलवला होता. मेल पाठवला होता त्यांनी, मोठ्या अक्षरात, आम्ही सगळ्यांनी तो वाचल्याची खूण करून न वाचता सोडलेला. त्यामुळे फाइल बिचारी आपली सांगत होती, ‘चष्मा’ म्हणजे त्या जुन्या पत्त्यावरचा फोल्डर, आणि त्या पत्त्यावर आता कुणीच राहत नव्हतं. मी ती फाइल उघडली. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा कुणी उघडली असेल. चारच ओळी. इतकी वर्षं आमचं सगळं ऑफिस त्या चार ओळींवर उभं होतं आणि आम्ही चहाच्या मशीनवर भांडत होतो. एसीचा तो घूंऽऽ आवाज येत होता, बोटं गार पडली होती, आणि मला एकदम आमच्या घरातलं आठवलं, म्हणजे आधीचं, बाबांच्या वेळचं. आमच्या घरात पण अशी एक न उघडलेली फाइल होती. सकाळी उठलं की बाबा म्हणजे कोण हे कुणी सांगायला लागत नव्हतं. बाबा म्हणजे ओला टॉवेल, बाबा म्हणजे शिट्टी, बाबा म्हणजे तो तरणतलावाचा वास, नाकात झोंबणारा, कितीही आंघोळ केली तरी त्यांच्या केसांतून न जाणारा. पोहायला शिकवायचे ते. मला पाण्यात टाकून स्वतः मागे मागे सरकत जायचे आणि मी ओरडायची बाबा, बाबा, आणि ते म्हणायचे, हाका मारू नकोस, पाय मार. मी बारा वर्षांची असताना गेले. पण तो शब्द ओरडून तोंडात इतका बसलेला, की अजूनही ठेच लागली तर आई गं च्या आधी बाबाच निघतो.

तर मी काय केलं, ‘चष्मा’ला नव्या सर्व्हरवरचा फोल्डर लावून दिला. एक ओळ. रन. निळं, निळं, निळं. पोपटानं टाळी वाजवली. आणि मग धाडकन लाल. आता नाव सापडत होतं, पण मुलांच्या डोळे तपासणीच्या पहिल्या फेरीची फाइल तिथं नव्हती. सर्व्हरवाल्यांनी नव्या फेऱ्या एका फोल्डरमध्ये टाकल्या होत्या आणि जुन्या फेऱ्या दुसऱ्याच, जपून ठेवायच्या फोल्डरमध्ये. बरं म्हटलं, मग त्याच नावाला जुना फोल्डर लावून बघू. लावला. आता जुनं सगळं मिळायला लागलं आणि नवं गायब. काही कुरकूर नाही त्याची, मला विचारलंसुद्धा नाही की अगं, या नावाला आधी दुसरा फोल्डर होता, तो सोडू का. सोडला आणि मोकळं झालं. इथं मी कीबोर्डवरून हातच काढून घेतले. कारण माझी भीती हीच तर होती, इतके दिवस, आणि मला ती शब्दांत धरता येत नव्हती. आई मला म्हणाली होती एकदा, लग्नानंतर सहाएक महिन्यांनी असेल, भांडी पुसता पुसता, की तुला बाबा म्हणावंसं वाटलं तर म्हण, त्यांना आवडेल, त्यांनी कधी ऐकलेलं नाहीये ते. आणि मी एवढी चिडले, एवढी चिडले, आणि कशाला चिडले तेच मला कळेना. आज त्या लाल ओळीनं कळलं. मला वाटत होतं, मी यांना बाबा म्हणायला लागले आणि मग एखाद्या दिवशी माझ्या मनात मी बाबा म्हटलं, तर तो ओला टॉवेल मिळणारच नाही. त्या पाण्याच्या वासाची फाइल इथं नाही, असं येईल. मी जुनी नावं पुसत नाही गं, मी मोबाइलमधून पहिल्या शाळेतल्या रिक्षावाल्याचा नंबर अजून काढलेला नाहीये. तू हसू नकोस.

तेवढ्यात आमची मुकादम आली. मुकादम म्हणजे आमची बॉस, तिला मागून तसं म्हणतात, आणि ते तिला माहितीये, आणि तिला ते आवडतं. हातात बिस्किटाचा पुडा. माझ्या मागे उभी राहिली आणि खात खात बघत राहिली. मी म्हटलं, मी असं करते, जुन्या फोल्डरमधल्या फाइली कॉपी करून नव्यात टाकते. तर तिनं माझ्या डोक्यात टपली मारायचीच बाकी ठेवली होती. म्हणाली, डेटाच्या दोन प्रती केल्यास तर संध्याकाळपर्यंत दोन्ही वेगळ्या झालेल्या असतील आणि खरी कुठली ते देवालाही सांगता येणार नाही. मग मी म्हटलं, मग प्रोग्राममध्ये जिथं जिथं ‘चष्मा’ आहे तिथं दोन वेगवेगळी नावं करते, जुना चष्मा, नवा चष्मा. पोपट म्हणाला, चारशे जागी आहे. मुकादमनं बिस्किट संपवलं, बोटं झटकली, चुरा माझ्या कीबोर्डात, आणि म्हणाली, “एका नावाला एकच फोल्डर लावायचा असं तुला कुणी सांगितलं? कंस कर, दोन्ही पत्ते आत टाक.” मला खरंच माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं, पोपटाचं तोंड उघडं. एक नाव, कंस, आत दोन पत्ते. तू ‘चष्मा’ म्हटलंस की ते आधी पहिल्या फोल्डरमध्ये बघतं, तिथं नाही मिळालं की दुसऱ्यात. मी विचारलं, आणि दोन्हीकडे सारख्याच नावाची फाइल असली तर? तर पहिल्यातली मिळेल, ती म्हणाली. मग दुसरीचं काय होतं? माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण ती माझ्याकडे बघायला लागली. “काय व्हायचंय तिला, आहे तिथंच असते. हात कोण लावतंय.” मग म्हणाली, फक्त एक लक्षात ठेव, नवीन जे लिहिशील ते पहिल्या पत्त्यावर जातं, म्हणून ज्याचं काम चालू आहे तो आधी लिहायचा, जपून ठेवायचा तो नंतर. आणि पुडा घेऊन गेली.

मी टाइप केलं. आणि शप्पथ सांगते, मी ‘चष्मा’चंच टाइप करत होते, पण हात थांबला, दोन पत्त्यांच्या मध्ये. आधी कुठला लिहू. ऑफिसचं उत्तर सोपं होतं, मुकादम आत्ताच सांगून गेलेली. पण माझ्या डोक्यात दुसराच कंस चालू झालेला, आणि त्यात पहिल्या जागेवरून भांडण. पहिले बाबा पहिले नकोत? मग मनातच मी म्हटलं, बये, पण नवीन काय जमा होणारे आता तिकडे? तिकडचं सगळं लिहून झालंय. तिकडे नुसतं वाचायला जायचं. नवीन चहा, नवीन बशी, नवीन भांडण, ते इकडेच साठणार ना, ज्याचं काम चालू आहे तिथं. आणि ओला टॉवेल इकडे नाहीच मिळाला तर शोधायला तिकडे जाणारच आहे ते, आपोआप, मी नाही सांगितलं तरी. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले, एकटीच. पोपट म्हणाला, झालं का? मी म्हटलं, बघू. रन दाबलं. मोठा प्रोग्राम आहे, वेळ घेतो. निळ्या ओळी उतरायला लागल्या एकामागून एक, पहिली फेरी सापडली, दुसरी सापडली, तिसरी, आणि मी तशीच बघत बसले, डोळ्यांत पाणी, चष्म्यांची टेबलं बघून डोळ्यांत पाणी येणारी मी जगातली पहिलीच असेन. टेबलं गेली हं वेळेत, ती काळजी करू नकोस, पोपटानं पाठवली. कारण मी तिथं नव्हतेच.

कारण फोन वाजला. टेबलावरचा, गेटवरून. वॉचमनकाका म्हणाले, मॅडम, एक गृहस्थ आलेत, तुमच्याकडे. मी म्हटलं, कोण? म्हणाले, पिशवी आहे हातात, जड दिसतीये. मग म्हणाले, कोण लागतात तुमचे? पाहुण्यांच्या वहीत लिहावं लागतं. आता बघ, साधा प्रश्न. दिवसात शंभर जणांना विचारत असतील. आत्ता एवढा मोठा कंस केला होता मी, आणि फोनवर एक शब्द निघेना. मी म्हटलं, थांबवा त्यांना, मीच येते खाली. लिफ्ट वर गेलेली, मग मी जिन्यानं धावले, ओढणी रेलिंगला अडकली, सोडवली, खाली पोचले तर गेटपाशी कुणीच नाही. वॉचमनकाकांनी किल्ली पुढं केली. आमच्या घराची. सकाळी बूट एका हातात एका पायात या गोंधळात मी किल्ली विसरले होते, आणि संध्याकाळी ते दोघं जागा बघायला जाणार, म्हणजे मी दाराबाहेर बसले असते. म्हणून ते आलेले, काम सोडून. मी म्हटलं, थांबवा म्हटलं होतं ना. वॉचमनकाका म्हणाले, मी म्हटलं त्यांना, मॅडम येतायत, वहीत लिहितो, आपण कोण त्यांचे? तर म्हणाले, कोणी नाही, किल्ली द्यायला आलोय. आणि गेले.

कोणी नाही. अगं, ते चिडून म्हणाले असते ना तर मला इतकं लागलं नसतं. वॉचमनकाकांनी जसं सांगितलं तसं ते अगदी नीट म्हणाले असणार, वजनाचा आकडा सांगतात तसं. मला वाटतं मला लाज वाटू नये म्हणून म्हणाले. मी ऑफिसात कुणाला काय सांगितलंय त्यांना माहीत नाही, उगाच पोरीची पंचाईत नको. मी रस्त्यावर आले. जेवणाची सुट्टी, फुटपाथवर ही गर्दी, ऑफिसवाले, फळवाले, एक माणूस आरसा घेऊन चाललेला, त्या आरशात सगळं आकाश हलत होतं. आणि लांबवर मला तो खांदा दिसला, एका बाजूनं खाली. सिग्नलकडे चाललेले. पलीकडे गेले असते तर बस मिळाली असती आणि संध्याकाळी जागेचं नक्की. मी धावत होते आणि मला कळत होतं की हाक मारायला लागणार. इथं ताट आपटता येणार नाही, समोर जाऊन खांबासारखं उभं राहता येणार नाही, आईला फोन करून दे म्हणता येणार नाही. तोंड उघडलं आणि आलं. “बाबा!” अशी ओरडले ना, पाण्यात ओरडायचे तशी. पूर्ण रस्ता वळला. आरसेवाला वळला. फळवाला वळला, एक टक्कल असलेला, एक तर माझ्याहून लहान होता, तोही वळला. आमचे वॉचमनकाका मागे गेटवरून बाहेर आले. सगळ्या जगाचे बाबा वळले, फक्त ते वळले नाहीत. चालतायत आपले. त्यांना माहीतच नव्हतं ना तो शब्द त्यांचा आहे, त्यांनी कधी ऐकलेलाच नाही.

मी पळत जाऊन त्यांची पिशवीच धरली. वजनानं मीच खाली ओढली गेले. ते दचकले, मग मला बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं, एका पायात चप्पल नव्हती, जिन्यात राहिलेली, ऑफिसात मी बूट काढून चपला घालते. म्हणाले, किल्ली दिली ना त्यांनी? मी म्हटलं, हाक मारली मी, ऐकलं नाहीत? म्हणाले, “ऐकली. मला वाटलं दुसऱ्या कुणाला तरी.” आणि बघ, इथं एक दार उघडंच होतं, मी हो म्हणाले असते, दुसऱ्या कुणालातरी मारली, तर सगळं होतं तसंच राहिलं असतं, सभ्य आणि सुटसुटीत. मी म्हटलं, तुम्हालाच मारली. त्यांनी पिशवी खाली ठेवली, सिग्नल सुटला, लोक आम्हाला धक्के मारून पलीकडे गेले, परत लाल झाला. मग म्हणाले, बरं. नुसतं बरं. आणि खिशातून फोन काढून त्याच्याकडे बघत राहिले, उलटा धरलेला. म्हणाले, मग त्या जागावाल्या बाईंना काय सांगायचं? एक ग्रॅमचा फरक ओळखणारं त्यांचं बोट भलत्याच आकड्यावर पडत होतं, नंबर लागेना. मी फोन घेतला हातातून आणि लावला. मी म्हटलं, नमस्कार, माझ्या बाबांना तुमची जागा नकोय, आम्ही सगळे इकडेच राहतोय. माझे बाबा, असं अनोळखी बाईला, भर रस्त्यात, एका चपलेवर. बाई म्हणाली, “म्हणजे तुम्हीच का ती मुलगी? अहो, दोन खोल्या हव्यात म्हणून हटून बसले होते, म्हणाले, आम्हा दोघांना एक खोली पुरते, खिडकीची मुलीला ठेवायची, आली कधी तर.” मी फोन कानाला तसाच धरलेला, आणि हे समोर, बाई काय म्हणाली ते त्यांना ऐकू गेलेलं नाही, माझ्या तोंडाकडे बघतायत, काट्याची सुई थांबायची वाट बघतात तसे. आणि म्हणाले, काय म्हणाल्या? आता मला सांग, तिथं, त्या सिग्नलवर, तू काय केलं असतंस?